दुर्गम आणि सुगम्य : गिरिभ्रमण व व्यवसायोपचार ह्यांच्या परिभाषेचा एक विचार

१

'दुर्ग' ह्या शब्दाची व्युत्पत्ती सर्वपरिचित आहे. जेथे जाणे कष्टाचे, तो दुर्ग. 'दुर्गम' हे विशेषण त्याच 'गम्' धातूपासून सिद्ध झाले आहे. केंद्र सरकारने ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू केलेल्या मोहिमेच्या नावातील 'सुगम्य' हा शब्दही त्याच धातूचा आहे. एकाच धातूला 'दुर्' हा उपसर्ग लागला म्हणजे महाराष्ट्राच्या इतिहासाचा अभिमानविषय निर्माण होतो, आणि 'सु' लागला म्हणजे अपंग व्यक्तींच्या हक्काची भाषा निर्माण होते. हे दोन शब्द आजवर एकमेकांच्या वाटेला गेले नव्हते. दुर्गभ्रमणाचे वाङ्मय एका बाजूस वाढले आणि पुनर्वसनशास्त्राचे लेखन दुसऱ्या बाजूस वाढले. सर्व प्रकारच्या क्षमतांच्या व्यक्तींना डोंगरवाटेवर नेण्याचा आणि त्या चालण्याला व्यवसायोपचाराची जोड देण्याचा विचार पुढे आल्यामुळे आता ह्या दोन परिभाषांची गाठ पडली आहे. ही गाठ नीट बसते की नाही, हे तपासणे अगत्याचे आहे. वाटेची माहिती शब्दांनीच दिली जाते, आणि ती माहिती वाचूनच पुष्कळ माणसे घरी राहावे की निघावे ह्याचा निर्णय करतात.

ह्या परीक्षणास ठाणे, कल्याण व डोंबिवली हा परिसर विशेष सोयीचा आहे. ठाण्याच्या पश्चिमेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडणारे येऊरचे डोंगर आहेत, आसनगावजवळ माहुलीचा किल्ला आहे, कल्याणच्या दक्षिणेस मलंगगड आहे आणि खुद्द कल्याणच्या खाडीकाठी दुर्गाडी आहे. १९०१ साली स्थापन झालेले प्रादेशिक मनोरुग्णालय ठाण्यातच आहे, आणि दुर्गांची पद्धतशीर माहिती संकलित करणारी 'ट्रेक क्षितिज' ही संस्था डोंबिवलीची आहे. उपचाराची परंपरा आणि भ्रमणाची परंपरा येथे एकाच लोहमार्गावर नांदत आहेत.

२

दुर्गवर्णनाच्या मराठी वाङ्मयात दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. गो. नी. दांडेकर यांच्या 'दुर्गभ्रमणगाथे'सारखे लेखन हा पहिला प्रवाह होय. त्यात वाट हा भक्तीचा व अनुभवाचा विषय असतो. दुसरा प्रवाह मार्गदर्शिकांचा आहे. ट्रेक क्षितिज संस्थेने केलेल्या दुर्गनोंदींत किल्ल्याची उंची, प्रकार, डोंगररांग आणि श्रेणी ही माहिती प्रथम येते. त्यानंतर पाहण्याची ठिकाणे, पोहोचण्याच्या वाटा, राहण्याची, जेवणाची व पाण्याची सोय आणि जाण्यासाठी लागणारा वेळ अशी सदरे येतात. ह्या मांडणीचे श्रेय कमी लेखता येणार नाही. ऐकीव आख्यायिकांच्या जागी तपासता येण्याजोगी माहिती देण्याची शिस्त तिने रुजविली. अनोळखी गडावर पाणी मिळेल की नाही हे आधी कळणे, ही साधी गोष्ट नव्हे.

तथापि ह्या सदरांपैकी दोन सदरे बारकाईने पाहण्यासारखी आहेत. ती म्हणजे 'श्रेणी' आणि 'लागणारा वेळ'. श्रेणीच्या सदरात सोपी, मध्यम, कठीण अशी विशेषणे येतात. व्याकरणदृष्ट्या ही विशेषणे गडाची आहेत. उंची जशी गडाची, तशीच काठिण्याची श्रेणीही गडाची, असे त्यांच्या मांडणीवरून वाटते. परंतु उंची हा डोंगराचा गुण आहे आणि काठिण्य हा डोंगर व चालणारा ह्यांच्यामधील संबंध आहे. संबंधाला गुणाचे रूप दिले म्हणजे त्यातील एक पक्ष अदृश्य होतो. येथे अदृश्य झालेला पक्ष चालणाऱ्याचा आहे. मार्गदर्शिका त्याला सांगत नसली, तरी गृहीत धरते. तो तरुण आहे, दोन्ही पायांनी चालतो, त्याला दिसते, ऐकू येते, आणि उंचीवरून खाली पाहिल्यावर त्याचे चित्त स्थिर राहते. 'दोन तासांत माथ्यावर पोहोचता येते' ह्या वाक्यातील दोन तास ह्याच अनुक्त कर्त्याचे आहेत.

मलंगगडाचे उदाहरण ह्या बाबतीत उद्‌बोधक आहे. ह्या गडाचे पीरमाची, सोनेमाची व बालेकिल्ला असे तीन टप्पे मानले जातात. पीरमाचीवर हाजी मलंगचा दर्गा असून तेथवर पायऱ्यांची रुळलेली वाट आहे. वृद्ध व आजारी भाविकांना डोलीत बसवून वर नेण्याची रीतही तेथे आहे. बालेकिल्ल्याकडे जाताना मात्र तुटलेल्या पायऱ्या, उभा कातळ आणि दरीवर टाकलेला लोखंडी पाइप ओलांडावा लागतो. तेथे दोर व जाणता सोबती ह्यांवाचून जाणे हे अविचाराचे ठरेल. आता ह्या संपूर्ण गडाला 'कठीण' अशी एकच श्रेणी लावली, तर बालेकिल्ल्यापुरते ते अगदी यथार्थ आहे. परंतु त्या एका शब्दाने पीरमाचीपर्यंत सावकाश जाऊ शकणाऱ्या माणसालाही वाटेवरून परत पाठविले जाते. उलटपक्षी 'पायऱ्या असल्यामुळे सोपे' असे म्हटले, तर चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यास प्रत्येक पायरी ही स्वतंत्र भिंत आहे, ह्याचा विसर पडतो. दुर्गाडीसारख्या ठेंगण्या, शहराला लागून असलेल्या किल्ल्यालाही हेच लागू आहे. तेथे उंचीचा प्रश्न गौण आहे, पण पायरीचा प्रश्न गौण नाही.

३

ज्याला मराठीत 'व्यवसायोपचार' म्हणतात ते शास्त्र नेमके ह्याच संबंधाचा अभ्यास करते. त्याच्या नावाने मात्र पुष्कळ घोटाळा केला आहे. आजच्या मराठीत 'व्यवसाय' म्हणजे धंदा किंवा पोटापाण्याचा उद्योग. साहजिकच व्यवसायोपचार म्हणजे रुग्णाला एखादा धंदा शिकविणे, अशी सामान्य समजूत होते. संस्कृतात वि, अव हे उपसर्ग व 'सो' धातू ह्यांपासून आलेल्या ह्या शब्दाचा मूळ अर्थ निश्चय, उद्यम, प्रयत्न असा आहे, आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो निश्चयाच्याच अर्थाने योजलेला आहे. ज्या इंग्रजी संज्ञेसाठी हा पर्याय सिद्ध झाला, तिच्यातील मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ व्यापणे असा होतो. माणसाचा काळ व चित्त ज्या अर्थपूर्ण कृतींनी व्यापले जाते, त्या सर्व कृती, म्हणजे आंघोळ, स्वयंपाक, खेळ, भजन, फिरणे, ह्या ह्या शास्त्राच्या कक्षेत येतात. अमेरिकेत १९१७ साली ह्या उपचारपद्धतीच्या पुरस्कर्त्यांची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. भारतात कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ह्या विषयाचे शिक्षण सुरू केले. १९५२ साली अखिल भारतीय संघटना अस्तित्वात आली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्यांत भारताचा समावेश झाला. महाराष्ट्रात २००२ च्या अधिनियमाने व्यवसायोपचार व भौतिकोपचार ह्यांची परिषद निर्माण झाली आणि संज्ञेवर कायद्याची मोहोर उठली. संज्ञा बदलण्याची वेळ आता गेली आहे. तिचा मूळचा व्यापक अर्थ शिकवीत राहणे, एवढेच हाती उरते.

ह्या शास्त्राचे प्रमुख साधन कृतीचे विश्लेषण हे होय. कोणतीही कृती शरीराकडून, बुद्धीकडून व मनाकडून काय काय मागते, ह्याची फोड करावयाची. मग ती मागणी व्यक्तीच्या शक्तीला अनुसरून क्रमाने वाढवावयाची, कमी करावयाची, अथवा साधन किंवा परिस्थिती बदलून वेगळ्या प्रकारे पुरी करावयाची. ह्या क्रमालाही 'श्रेणीकरण' असेच म्हणतात. शब्द तोच, परंतु आशय उलटा. मार्गदर्शिकेतील श्रेणी गडाला एकदा चिकटली की चिकटली. उपचारातील श्रेणी आज एक, महिन्याने दुसरी, आणि शेजारच्या माणसासाठी तिसरीच. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली स्वीकारलेल्या वर्गीकरणाचे सूत्रही हेच आहे. असमर्थता ही केवळ देहात नसते. देहाची कार्ये, कृती, सहभाग आणि परिस्थिती ह्यांच्या परस्परसंबंधातून ती निर्माण होते.

४

येथे मराठी व्याकरणाची एक देणगी लक्षात घेण्याजोगी आहे. सामर्थ्य सांगण्यासाठी मराठीत एकच रचना नाही. 'आजींच्याने चढण चढवत नाही' ह्या वाक्यात परंपरागत व्याकरणातील शक्य क्रियापद आहे. ते देहातील शक्तीविषयी बोलते. 'आजींना चढण चढता येत नाही' ह्या वाक्याचा रोख कौशल्याकडे किंवा परिस्थितीकडे असतो. वाट मोडली आहे, कठडा नाही, अथवा चढण्याची रीत ठाऊक नाही. 'आजींना चढण चढू देत नाहीत' ह्या तिसऱ्या वाक्यात देह व वाट दोन्ही बाजूस राहतात आणि अडविणारी माणसे पुढे येतात. शक्ती, सोय आणि मुभा ह्या तीन गोष्टी बोलीतला सामान्य माणूस क्रियापदाच्या रूपानेच वेगळ्या ठेवतो. व्यवसायोपचारकाला प्रथम विचारावयाचा प्रश्न हाच असतो : अडथळा 'चढवत नाही' ह्या जातीचा आहे, 'चढता येत नाही' ह्या जातीचा आहे, की 'चढू देत नाहीत' ह्या जातीचा? पहिल्यावर व्यायाम, विश्रांती व शक्तीची काटकसर हा उपाय आहे. दुसऱ्यावर साधन, शिक्षण किंवा वाटेची दुरुस्ती हा उपाय आहे. तिसऱ्यावर उपाय रुग्णावर करावयाचाच नसतो.

आणखी एक भेद असा की 'च्याने' ह्या प्रत्ययामुळे शक्य क्रियापदाच्या वाक्यात कर्ता सांगावासा वाटतो. कोणाच्याने चढवते, हा प्रश्न ओघानेच येतो. 'पोहोचता येते' ही मार्गदर्शिकांची आवडती रचना मात्र कर्त्यावाचून सुखाने नांदते. तिच्यात असत्य काही नाही, पण ती ज्याला उद्देशून आहे त्याचे नाव तिने गिळलेले असते.

वृत्तपत्री गौरवलेखनातील भाषेचा दोष ह्याच्या उलट प्रकारचा आहे. 'अपंगत्वावर मात करून शिखर सर' हा त्या लेखनाचा ठराविक साचा होय. 'सर करणे' हा फारसीच्या मार्गाने आलेला वाक्प्रयोग युद्धातील आहे. तो डोंगराला शत्रू करतो, आणि 'मात' हा बुद्धिबळातील शब्द देहालाच प्रतिपक्षी करतो. एरिक वाइनमायर हे २००१ साली एव्हरेस्टवर पोहोचणारे पहिले अंध गिर्यारोहक ठरले, आणि कृत्रिम पायाने चालणाऱ्या अरुणिमा सिन्हा २०१३ साली तेथे पोहोचल्या. ह्या पराक्रमांचे मोल वादातीत आहे. परंतु त्यांच्या कथनातून जो मापदंड नकळत तयार होतो, तो चिंत्य आहे. ज्याच्या ठिकाणी असामान्य जिद्द आहे तो डोंगराचा अधिकारी, असा तो मापदंड आहे. देहाने सुदृढ असलेल्या सामान्य माणसाला रविवारी सकाळी येऊरला जाण्यासाठी जिद्दीचा दाखला मागितला जात नाही. २०१५ च्या डिसेंबरात प्रचारात आलेला आणि पुढे शासकीय विभागांच्या नावांत स्थिरावलेला 'दिव्यांग' हा शब्दही ह्याच वळणाचा आहे. 'अपंग' शब्दातील उणेपणा त्याने काढला हे खरे, परंतु दृष्टी पुन्हा अंगावरच खिळविली. दोन्ही शब्दांत वाट कोठेच नाही.

५

दोषदिग्दर्शनाबरोबर पर्यायाचा विचार केला पाहिजे. इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाने 'माइल्स विदाउट स्टाइल्स' ह्या नावाने ज्या वाटा निवडल्या आहेत, त्यांच्या श्रेणी 'सर्वांसाठी', 'पुष्कळांसाठी' आणि 'काहींसाठी' अशा अर्थाच्या आहेत. येथे श्रेणी डोंगराची न राहता माणसांची झाली, आणि अदृश्य कर्ता चतुर्थीच्या अर्थाने वाक्यात परत आला. अमेरिकेतील अ‍ॅक्सेस बोर्डाने २०१३ साली केलेल्या नियमांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. वाटेच्या आरंभी लावावयाच्या फलकावर वाटेची लांबी, पृष्ठभागाचा प्रकार, नेहमीची व किमान रुंदी, नेहमीचा व कमाल उतार, आणि आडवा कल एवढी माहिती द्यावी, असे ते नियम सांगतात. येथे विशेषण अजिबात नाही. निर्णय वाचणाऱ्याकडे सोपविलेला आहे. साधनांच्या बाबतीत फ्रान्समध्ये १९८७ साली जोएल क्लोदेल यांनी तयार केलेली 'जोएलेट' ही एकचाकी खुर्ची प्रसिद्ध आहे. पुढे एक व मागे एक असे सोबती ती अरुंद पाऊलवाटेवरून चालवितात. मलंगगडाची डोली आणि जोएलेट ह्यांत यंत्ररचनेपेक्षा क्रियापदाचा फरक अधिक आहे. डोलीत माणसाला नेले जाते, आणि सोबत्यांच्या मेळ्यात माणूस जातो. अर्थात डोलीवाल्यांच्या श्रमाचा अनादर करण्याचे येथे कारण नाही. कोणी चढू शकत नाही म्हणून त्याने यात्रेला येऊच नये असे त्या रीतीने कधी म्हटले नाही, हा तिचा मोठेपणा आहे. आनंद पाळंदे यांनी आपल्या मार्गदर्शक ग्रंथाला 'डोंगरयात्रा' हे नाव दिले, त्यातील 'यात्रा' हा शब्द ह्या दृष्टीने 'मोहीम' ह्या शब्दापेक्षा उदार आहे.

अशा वर्णनासाठी लागणारी शब्दसंपत्ती मराठीस उसनी आणावी लागणार नाही. सह्याद्रीतील वाटाड्यांच्या आणि भटक्यांच्या बोलीत ती तयार आहे. सोंडेची वाट दमाची परीक्षा पाहते, पण तोल फारसा मागत नाही. नाळेच्या वाटेत धोंड्यांवरून चढताना गुडघे व हात दोन्ही लागतात. धारेवर दम पुरतो, पण तोल आणि भीतीवरचा ताबा लागतो. आडवी वाट पायांना सोपी असूनही एका बाजूच्या दरीमुळे दृष्टिहीनास सोबत्याचा हात आवश्यक करते. घसाऱ्यावर घोट्याची कसोटी लागते, आणि तीही चढण्यापेक्षा उतरताना अधिक. पावठ्यांत पाऊल अचूक ठेवावे लागते, आणि निसणीवर पकड लागते. ह्यांतील प्रत्येक शब्द हे कृतिविश्लेषणाचे अर्धे वाक्य आहे. उरलेले अर्धे व्यवसायोपचारकाने पुरे करावयाचे आहे. गिरिभ्रमण करणाऱ्या संस्था आणि उपचारक ह्यांचे सहकार्य व्हावयाचे असेल, तर त्याचा आरंभ अशा संयुक्त कोशापासून झाला पाहिजे. दुर्गनोंदींतील 'श्रेणी' ह्या सदराखाली वाट टप्प्याटप्प्याने तोडून प्रत्येक टप्प्यास सर्वांत उंच पायरी, सर्वांत अरुंद जागा, आधाराची बाजू, सावली, विसाव्याची जागा आणि जेथून सुखरूप परतता येईल असे ठिकाण नोंदविले, तर एका विशेषणाचे काम सहा नामे अधिक प्रामाणिकपणे करतील.

ह्यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, सुगम्यतेच्या नावाखाली डोंगरावर सिमेंट ओतले जाईल. मलंगगडासाठी चालू शतकाच्या दुसऱ्या दशकात हाती घेतलेल्या रज्जुरेल्वेसारखे प्रकल्प पाहिले म्हणजे हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. वनक्षेत्र व पुरातन वास्तू ह्यांना मर्यादा आहेत आणि त्या पाळल्याच पाहिजेत. परंतु यथार्थ वर्णनासाठी एकही दगड हलवावा लागत नाही. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे. त्याचे उत्तर असे की, ठोकळ विशेषणापेक्षा टप्प्याची नेमकी माहिती अपघात अधिक टाळते, आणि ते सुदृढांच्या बाबतीतही तितकेच खरे आहे. भर पावसात शेवाळलेली पायरी कोणाच्याही पायांचा मुलाहिजा राखत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. निसर्गसान्निध्याने प्रकृतीस आराम पडतो, ह्या विचाराला आधार नाही असे नाही. रॉजर उल्रिच यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खिडकीतून झाडे दिसणाऱ्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांची सुधारणा, भिंत दिसणाऱ्या रुग्णांहून चांगली आढळली होती. पण खिडकीतील झाड आणि माहुलीची शिडी ह्यांत अंतर आहे, आणि प्रत्येक सहलीला उपचार म्हणणे शास्त्रीय नव्हे. व्यक्तीचे उद्दिष्ट ठरविलेले नाही, कृतीची फोड केलेली नाही आणि परिणाम पाहिलेला नाही, तेथे 'उपचार' हा शब्द केवळ अलंकार होय. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या २९ व्या कलमात बाहेरची शिबिरे व साहसाचे उपक्रम ह्यांतील सहभाग हा सांस्कृतिक जीवन व मनोरंजन ह्यांच्या हक्कात अंतर्भूत केलेला आहे. हक्काला औषधाची चिठ्ठी लागत नाही. डोंगरावर जाण्याचे समर्थन जर केवळ त्याच्या उपचारमूल्यावर उभे केले, तर ज्याला बरे व्हावयाचे नाही, नुसते वारा खात बसावयाचे आहे, त्याचा डोंगर हिरावला जाईल. म्हणून व्यवसायोपचाराने गिरिभ्रमणाला नाव न देता पद्धत द्यावी. वाट वाचण्याची, कृती उलगडण्याची आणि मागणी बेताची करण्याची पद्धत त्याच्यापाशी आहे. गिरिभ्रमणानेही त्याला काही द्यावे. खोलीत बसून मणी ओवण्याचा कंटाळा आलेल्या माणसाला, जी कृती करावीशी वाटते ती कृती द्यावी.

पदव्युत्तर अभ्यासकांस ह्या विषयात करण्यासारखे पुष्कळ आहे. ठाणे जिल्ह्यातील ठाकूर, कातकरी, आगरी व कोळी समाजांच्या बोलींत वाट, चढण, उतार, आधार आणि थकवा ह्यांसाठी असलेल्या शब्दांचा संग्रह व्हावयास हवा. दुर्गनोंदींतील सामर्थ्यवाचक रचनांची मोजदाद व्हावयास हवी. ज्यांना वाट नाकारली गेली, ती माणसे स्वतःविषयी 'चढवत नाही' म्हणतात, 'चढता येत नाही' म्हणतात, की 'चढू देत नाहीत' म्हणतात, हे त्यांच्याच तोंडून नोंदले गेले पाहिजे. ह्या तीन क्रियापदांपैकी पहिले सर्वांवर सरसकट लादण्याची सवय आपल्या लेखनाला जडली आहे. ती सुटली, तर दुर्गाचे दुर्गमत्व कायम राहूनही त्याची वाट पुष्कळांना उघडी होईल.